कपाटाच्या दारामागचे पक्षी

आमच्या घरात भिंतीवर चित्र नसे. जिथे नमाज पढायची त्या खोलीत जिवंत प्राण्याचं चित्र नको, असा अम्मीचा नियम. घर दोन खोल्यांचं, आणि नमाज दोन्हीकडे होई, त्यामुळे नियम सगळ्या घराला लागू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बंदरकाठच्या गावात निम्मे पुरुष बोटीवर. माझे अब्बाही खलाशी. नऊ-नऊ, दहा-दहा महिने घराबाहेर. येताना साबण, कापड, एखादा ट्रान्झिस्टर घेऊन येत. १९७९ साली मात्र त्यांनी जपानातल्या कोबे बंदरातून एक दिनदर्शिका आणली. बोटीला सामान पुरवणाऱ्या कुठल्याशा दुकानानं फुकट दिलेली. बारा पानं, बारा चित्रं. आणि बाराही पक्ष्यांची.

अम्मीनं ती पाहिली, थोडा वेळ काही बोलली नाही. मग कपाट उघडून तिनं ती दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगली. दार लावलं की चित्र दिसत नाही. नियमही राहिला आणि पक्षीही राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं, कपडे काढायला कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर पुढ्यात यायचे ते चंद्रासमोरून खाली झेपावणारे हंस, बर्फाळ लव्हाळ्यातलं बदक, पावसात मान आखडून उभा असलेला बगळा आणि लाटेवरून जाणारे इवलेसे चिखल्या पक्षी. साल संपलं तरी दिनदर्शिका उतरली नाही.

ही चित्रं कुणाची, कशी केलेली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

ही हातानं रंगवलेली चित्रं नव्हेत, छापलेली आहेत. लाकडी ठशांनी. जपानात लाकडी ठशांची छपाई फार जुनी, पण अनेक रंग एकाच कागदावर नेमके जुळवून छापायची पद्धत एडो शहरात १७६५च्या सुमारास रुळली. एडो म्हणजे आजचं टोकियो. या रंगीत छापांना तिथले लोक ‘निशिकि-ए’ म्हणू लागले, म्हणजे जरतारी चित्रं. नाव श्रीमंती असलं तरी माल गरिबाला परवडणारा. एक छाप साधारण वाडगाभर शेवयांच्या किमतीला मिळे. हमाल, सुतार, छोटे दुकानदार, गावी परत निघालेले वाटसरू ती विकत घेत. आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेली ही चित्रं मुळात बाजारातली वस्तू होती. आमच्या घरी ती फुकटच्या दिनदर्शिकेवरून आली, यात त्यांच्या इतिहासाला धरूनच काही घडलं असं मला वाटतं.

एका छापामागे चार माणसं असत. पैसा घालणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, लाकूड कोरणारा कारागीर आणि छापणारा कारागीर. चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन कोरणारा उलटं करून चेरीच्या फळीवर चिकटवी आणि कागदासकट कोरत जाई. म्हणजे मूळ रेखाटन त्या कामातच संपून जाई. आधी काळ्या रेषांचा ठसा, मग प्रत्येक रंगाचा वेगळा. फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा ठेवलेल्या असत. कागद दरवेळी त्या खाचांना टेकवायचा, की रंग रेषेबाहेर जात नाही. छापायला यंत्र नाही. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा चिवट कागद ओल्या रंगाच्या ठशावर ठेवायचा आणि बांबूच्या पातीनं मढवलेल्या एका चपट्या गोल गादीनं पाठीमागून घासायचा. त्या गादीला ‘बारेन’ म्हणतात. किती दाब द्यायचा, हे फक्त मनगटाला ठाऊक.

आता पांढरा बगळा पांढऱ्या कागदावर कसा छापणार? त्यासाठी या लोकांनी एक युक्ती केली. पिसांच्या रेषा फळीवर कोरायच्या, पण त्या ठशाला रंगच लावायचा नाही. कोरडा ठसा नुसता दाबायचा. कागदावर पिसं उठून येतात; समोरून पाहिलं तर दिसत नाहीत, कागद उजेडात तिरपा धरला की दिसतात. दिनदर्शिकेत अर्थातच यातलं काही नव्हतं, ती गुळगुळीत कागदावरची साधी छपाई होती. हा उठाव मी प्रथम पाहिला तो एका प्रदर्शनात, वयाची चाळिशी ओलांडल्यावर. तिथे मी लहान मुलासारखा खाली वाकून, मान वाकडी करून बगळा बघत उभा राहिलो होतो.

पण या कारागिरांना पक्षी का सुचले? याचं एक उत्तर कवितेत आहे, दुसरं चिखलात.

आधी कवितेचं बघू. चिखल्याला जपानीत ‘चिदोरी’ म्हणतात. लिहिताना ‘हजार पक्षी’ अशी अक्षरं वापरतात, कारण तो थव्यानं येतो. आपल्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात हे चिखले येतात. मुठीएवढा पक्षी, ओल्या वाळूवर तुरुतुरु धावतो, एकदम थांबतो, टोच मारतो, पुन्हा तिरका धावतो. त्या चालीवरून झोकांड्या खात जाणाऱ्या दारुड्याच्या चालीला जपानी भाषेत ‘चिदोरीची पावलं’ म्हणतात. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या संग्रहापासून हा पक्षी त्यांच्या कवितेत आहे. पुढे शंभर कवींची एकेक कविता घेऊन केलेला एक संग्रह जपानात घरोघरी पोचला, इतका की त्याचा पत्त्यांचा खेळ झाला. त्यात एक कविता सुमा नावाच्या जागेवर आहे. समोरच्या आवाजी बेटाकडे ये-जा करणारे चिदोरी रात्री ओरडतात आणि सुमाच्या जकात नाक्यावरच्या पहारेकऱ्याची झोप रात्रीमागून रात्र मोडते, असा तिचा आशय.

हे सुमा म्हणजे आज कोबे शहराचाच एक भाग आहे, हे मला नकाशा बघताना कळलं तेव्हा मी दचकलो. माझे अब्बा ज्या बंदरात उतरत, तिथून काही मैलांवरचा तो किनारा. कोबेला १९३५ साली बांधलेली मशीद आहे, जपानातली पहिली. तिच्या उभारणीत तिथल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचाही पैसा होता. शुक्रवारी बोट बंदरात असली तर अब्बा तिथे जात. त्या मशिदीबद्दल ते पुष्कळ सांगत. चिदोरींबद्दल कधी काही बोलले नाहीत. पण एखाद्या रात्री त्यांचीही झोप मोडली असेल.

तर एडोतल्या चित्रकाराला चिदोरी मिळाला तो आधी कवितेतून. तिथे हौशी कवींची मंडळं असत. ती विनोदी, चिमटे काढणारी कविता करत आणि वर्गणी काढून ती सचित्र छापून घेत. १७९०च्या सुमारास उतामारो या चित्रकारानं अशाच कवितांसाठी पक्ष्यांचं एक देखणं पुस्तक केलं. पानोपानी दोन पक्षी, आणि प्रत्येक पक्ष्याच्या तोंडी प्रेमाची एक थट्टेखोर कविता. उतामारो सुंदर स्त्रियांची चित्रं काढणारा म्हणून प्रसिद्ध आहे, पण पिसांतली ऊब त्यानं ज्या बारकाईनं दाखवली, ती पाहिली की कळतं, हा माणूस पक्ष्याजवळ बसलेला होता. होकुसाई तर आणखी पुढे गेला. ‘फुजी पर्वताची शंभर दृश्यं’ या त्याच्या १८३४-३५च्या पुस्तकात एक पान आहे. मोठी लाट उसळली आहे, तिच्या कड्यावरून फेसाचे तुषार उडताहेत, आणि उडता उडता त्या तुषारांचेच चिदोरी होतात. फेस कुठे संपला आणि थवा कुठे सुरू झाला, ते शोधूनही सापडत नाही. आमच्या पुळणीवर संध्याकाळी असंच होतं. थवा वळला की पोटाकडची पांढरी बाजू एकदम चमकते आणि वाटतं, लाटच फुटली. होकुसाईला हे कुणा कवीनं सांगितलेलं नाही, ते त्यानं किनाऱ्यावरच पाहिलेलं असणार.

आणि दुसरं उत्तर चिखलाचं. एडो शहर एका उथळ आखाताच्या काठी वसलेलं. ओहोटी लागली की दूरवर चिखल उघडा पडे, आणि त्या चिखलातले किडे, शिंपले खायला उत्तरेकडून हजारो पक्षी उतरत. बदकं, हंस, बगळे, कुरव, चिखले. शहरातला माणूस कालवं, शिंपल्या वेचायला ओहोटीला बाहेर पडे, तेव्हा हे पक्षी त्याच्या आजूबाजूलाच चरत असत. म्हणजे चित्र विकत घेणाऱ्यालाही पक्षी ओळखीचा. कविता पाठ आणि पक्षी रोजच्या पाहण्यातला, अशा दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक तयार होतं.

तिसरं एक कारण सरकारी आहे, तेही सांगायला हवं. या छापांवर तपासनिसाचा शिक्का लागे. राजकारणावर बोलायला बंदी होतीच. खुद्द उतामारोला १८०४ साली एका जुन्या सत्ताधीशावरच्या चित्रांपायी हातात बेड्या पडल्या. १८४२ साली तर नटांची आणि गणिकांची चित्रंच काढायची नाहीत, असा हुकूम निघाला. माणसाचं तोंड काढणं जोखमीचं झालं, तेव्हा पक्षी, फुलं आणि निसर्गदृश्यं हा चित्रकाराचा आणि प्रकाशकाचा आसरा होता. बगळ्यावर कोण खटला भरणार? पण पक्ष्यांची चित्रं केवळ बंदीमुळे झाली असं म्हणणं चूक ठरेल. त्यातली उत्तम चित्रं त्या हुकमाच्या दहा वर्षं आधीची आहेत, आणि ती हिरोशिगेची आहेत.

हिरोशिगे १७९७ साली एडोत जन्मला. बाप सरकारी आगविझव्या, लहानसा हुद्दा. पोराचं वय बारा असताना आई गेली, त्याच वर्षी बापही गेला; पण त्याआधी बापाची नोकरी पोराच्या नावावर झाली होती. म्हणजे हा चित्रकार पोरवयापासून आगविझव्या होता. पुढे पुष्कळ वर्षं त्यानं नोकरी आणि कुंचला दोन्ही सांभाळलं. १८३०च्या दशकात त्यानं पक्ष्यांची कितीतरी चित्रं केली, त्यातली बरीचशी उंच, चिंचोळ्या कागदांवर. या चिंचोळ्या कागदावर जपानी लोक कविता लिहीत. कवितेच्याच कागदावर त्यानं पक्षी बसवला आणि बाजूला कविताही कोरून घेतली. चंद्रासमोरून उतरणारे तीन हंस त्याचेच. आमच्या कपाटाच्या दारावरचे. १९४९ साली जपाननं त्या चित्राचं टपाल तिकीट काढलं, आणि आजही तिकीट जमवणारे ते धुंडाळत असतात. साधारण त्याच काळातल्या त्याच्या दुसऱ्या एका चित्रात एडोच्या आखातावर, ताकानावा किनाऱ्यापुढे, पूर्ण चंद्र आहे आणि हंसांची भलीमोठी रांग चंद्रावरून खाली गलबतांकडे उतरते आहे.

पण मला त्याचं सगळ्यांत थोर चित्र वाटतं ते मरणाच्या आदल्या वर्षीचं. १८५५च्या नोव्हेंबरात एडोत मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, हजारो माणसं मेली. पुढच्या वर्षी साठीला आलेल्या हिरोशिगेनं एडोच्या प्रसिद्ध जागांची चित्रमाला काढायला घेतली. त्यातलं १८५७ सालचं एक चित्र सुसाकी नावाच्या किनाऱ्यावरचं आहे. वर आभाळ भरून एक प्रचंड गरुड, पंख कागदाबाहेर गेलेले, नजर खाली. खाली ओसाड दलदल, बर्फ, लांबवर त्सुकुबा पर्वत. पाण्यावर एक लाकडी बादली तरंगते आहे. बस्स. माणूस कुठेच नाही. पहिल्या छापांत पंखांवर अभ्रकाची पूड आणि नखांना सरसाची चकाकी दिलेली होती.

ती जागा ओसाड का, हे एडोकरांना सांगायची गरज नव्हती. तिथे समुद्रात भराव घालून वस्ती केलेली होती. १७९१ साली वादळात समुद्र आत घुसला आणि घरं-माणसं घेऊन गेला. त्यानंतर सरकारनं तिथला पट्टा ताब्यात घेऊन मोकळा सोडला, वस्तीला बंदी केली आणि दगडी खुणा उभ्या केल्या. माणूस हटला तिथे पक्षी आला. भूकंपातून नुकत्याच उठलेल्या शहराला हिरोशिगेनं ही जागा दाखवली. तो उपदेश करत नाही, फक्त गरुडाच्या उंचीवरून बघायला लावतो. पुढच्याच वर्षी, १८५८ साली, एडोत पटकीची साथ होती, त्या दिवसांत तो वारला.

आता माझ्याबद्दल थोडं. मी बी.ए.ला होतो तेव्हा कॉलेजच्या अंकात माझी पहिली कविता छापून आली. समुद्रावरची. तेव्हा अब्बा घरी होते. मी त्यांना ती मोठ्यानं वाचून दाखवली. तीत एक ‘सागरपक्षी’ होता, तो क्षितिजाकडे जात होता. अब्बांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “कुठला पक्षी?”

मी म्हटलं, “असा कुठला नाही. सागरपक्षी.”

“असा पक्षी नसतो,” ते म्हणाले. “कुरव असतो, पाणकावळा असतो, गरुड असतो. तू कुठला बघितलास?”

मी कुठलाच बघितलेला नव्हता. मी पुस्तकातला बघितला होता. तेव्हा राग आला. ज्या माणसानं चौथीनंतर शाळा पाहिली नाही त्यानं मला कविता शिकवावी! आज मात्र वाटतं, उतामारो आणि हिरोशिगे ज्या शाळेत शिकले तिथलाच तो प्रश्न होता. कवितेतून आलेला पक्षी त्यांनी घेतला, पण त्याला चिखलात उतरवून त्याचे पाय बघितले. नुसत्या कवितेवर विसंबून काढलेली चित्रंही त्या काळी ढिगानं निघाली, जुन्या चिनी नमुन्यांवरून उतरवलेली. ती आज कुणाला आठवत नाहीत.

कुरवाचीच एक गोष्ट सांगतो. दहाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘इसेच्या कथा’ या जपानी ग्रंथात काही माणसं राजधानी सोडून दूर पूर्वेला जातात. सुमिदा नदीच्या काठी पोचतात. नाव लागलेली असते, नावाडी घाई करत असतो. पाण्यावर एक अनोळखी पक्षी मासे खात असतो. पांढरा, लाल चोच, लाल पाय. नावाड्याला नाव विचारतात. तो म्हणतो, हा ‘मियाकोदोरी’, म्हणजे राजधानीचा पक्षी. तेव्हा त्यांच्यातला एक जण कविता रचतो. तुझं नाव जर खरंच असं असेल, तर मला सांग, तिथे माझं माणूस आहे की नाही? नावेतली सगळी माणसं रडू लागतात. पुढे ज्या काठावर हे घडलं असं मानतात तिथे पूल झाला, त्याचं नावच ‘विचारपूस पूल’. हिरोशिगेच्या काळातल्या सुमिदा नदीच्या चित्रांत पाण्यावर पांढरे पक्षी दिसले की एडोकराला ही गोष्ट आठवे.

हा पक्षी कुठला, यावर तिथल्या अभ्यासकांनी पुष्कळ खल केला आहे. आजच्या पक्षिशास्त्रात जपानीतलं मियाकोदोरी हे नाव आपल्या कालवफोड्याला दिलेलं आहे. पण कालवफोड्याची पाठ काळी. ग्रंथातल्या वर्णनाला जुळतो तो काळ्या डोक्याचा कुरव. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं होतं, डोळ्यामागे तेवढा एक काळा ठिपका उरतो. १९६५ साली टोकियोनं हाच आपला पक्षी म्हणून निवडला. टोकियोला येणारे कुरव उत्तरेकडच्या कामचाटकातून येतात, आपल्याकडचे वेगळ्या वाटेनं येतात. पण जात एकच. मुंबईच्या लाँचमागे आणि कोकणातल्या बंदरांवर हिवाळ्यात जे पांढरे पक्षी गोळा होतात त्यांत हा असतो.

पावसाळा सरला, मासेमारीच्या होड्या पाण्यात गेल्या, की एखाद्या सकाळी अम्मी दारात उभी राहून म्हणायची, “कुरव आले. आता कागद येईल.” कागद म्हणजे पत्र. कुरवांचा आणि टपालाचा काही संबंध नव्हता. कधी यायचं, कधी दोन-दोन महिने यायचं नाही. पण ती दरवर्षी म्हणायची. अम्मीला जपानी सोडा, मराठीही नीट वाचता येत नव्हतं. हजार वर्षांपूर्वी सुमिदाकाठी एका माणसानं याच पक्ष्याला हाच प्रश्न विचारला होता, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हातारी झाली होती. ती म्हणाली, “मग? दुसरं कुणाला विचारणार?”

एडोच्या आखाताचा चिखल आता फार थोडा उरला आहे. विसाव्या शतकात बहुतेक भाग भराव घालून बुजवला, त्यावर कारखाने आणि घरं आली. मिकावाशिमाच्या ज्या शेतांत हिरोशिगेनं क्रौंच उतरताना दाखवले तिथे आज दाट वस्ती आहे. यात्सु नावाच्या जागी घरांच्या आणि रस्त्यांच्या मधोमध सुमारे चाळीस हेक्टरांचा चौकोनी चिखल लोकांनी भांडून राखला. १९९३ साली त्याला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळालं. आपल्या ठाण्याच्या खाडीतलं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली त्याच यादीत गेलं. दोन्ही ठिकाणी ओहोटीला उघडा पडणारा चिखल म्हणजे वाया गेलेली जमीन, असं मानणारे लोक होते आणि आहेत. हिरोशिगेची चित्रं सुंदर आहेत हे खरं, पण आज ती दस्तऐवजही आहेत. इथे हा पक्षी उतरत होता, अशी ती साक्ष आहे.

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली, अम्मीही गेली. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा कपाट हलवलं. दिनदर्शिकेच्या पानांना कसर लागलेली होती, अर्धी पानं हातात घेताच तुटली. लाटेवरचे चिखले तेवढे शाबूत निघाले. ते पान मी नव्या कपाटाच्या दारावर, आतल्याच बाजूला लावलं आहे. बाहेर लावायला आता कुणाची हरकत नाही. पण त्यांची जागा ती आहे.

अलीकडे मी समुद्रावर कविता लिहिली तर आधी पुळणीवर जाऊन येतो. कुठला पक्षी, ते बघून येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)